शिळाछापातील हग्गादा ते निळी लिलिथ : बेने इस्राएलांच्या बायबली चित्रांविषयी काही भाषिक विचार

मराठी ज्यांची मातृभाषा आहे अशा समाजांत बेने इस्राएल हा संख्येने अगदी लहान, परंतु भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्ष पुरवावे असा समाज होय. ‘बेने इस्राएल’ ह्या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘इस्राएलचे पुत्र’ असा आहे. आपले पूर्वज गलबत फुटून अलिबागनजीकच्या नवगावच्या किनाऱ्यास लागले, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी ह्या समाजाची परंपरागत समजूत आहे. कोकणात ही मंडळी तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. दिवेकर, किहीमकर, पेणकर, राजपूरकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली आहेत. आपल्याकडील कंधारकर, उदगीरकर, नांदेडकर ही नावे ज्या रीतीने घडली त्याच रीतीने ही घडली. जुन्या काळी व्यक्तिनावेही मराठी वळणावर जात: शमुवेलचा सामाजी होई, इसहाकाचा इसाजी आणि मोशेचा मुसाजी. मुंबईतील ‘शाअर हारहमिम’ हे १७९६ साली स्थापन झालेले प्रार्थनामंदिर ज्यांनी उभारले ते शमुवेल इझिकेल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी म्हणूनच ओळखले जात. ह्या मंदिराला त्या काळी ‘मशीद’ म्हणत, आणि मध्य रेल्वेच्या मस्जिद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात.

मराठवाड्यात ह्या समाजाची वस्ती अशी झाली नाही. आपल्या विद्यार्थ्यांची त्यांच्याशी गाठ पडते ती बहुधा इंग्रजीच्या अभ्यासक्रमातील निस्सीम इझिकेल ह्यांच्या कवितांतून. आणि त्या कवीचे घराणे मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांपैकी होते, हे पुष्कळांना वर्ष संपले तरी ठाऊक नसते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र कविता नसून चित्रे हा आहे, त्यांतही मुख्यतः छापलेली चित्रे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने चित्रांविषयी लिहावे हे काहींना अनधिकार वाटेल. परंतु शब्द जसे उसने घेतले जातात, भाषांतरित होतात, घरच्या उच्चारात रुळतात किंवा परके म्हणूनच जपले जातात, तसेच चित्रांचेही होते. आणि बेने इस्राएलांच्या बाबतीत ह्या दोन्ही प्रक्रिया शेजारी ठेवून पाहण्याची सोय आहे.

प्रथम एक स्वाभाविक शंका दूर केली पाहिजे. दहा आज्ञांतील एक आज्ञा मूर्ती करण्याचा निषेध करते. मग यहुदी समाजात बायबली चित्रे आली कोठून? निर्गम ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात ह्या आज्ञेत दोन शब्द जोडीने येतात: ‘पेसेल’ आणि ‘तेमुना’. ‘पेसेल’ हा शब्द ‘तासणे, घडणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून आला आहे. म्हणजे तो दगडातून किंवा लाकडातून घडलेल्या वस्तूस लागतो. ‘तेमुना’चा अर्थ अधिक व्यापक, ‘रूप, आकृती’ असा आहे. निषेधाचा रोख पूजेकडे आहे की आकृतीकडेच आहे, ह्याविषयी यहुदी धर्मपंडितांत सर्वकाळ एकमत नव्हते. काही देशांत व काही शतकांत चित्रे वर्ज्य मानली गेली, तर इतरत्र हस्तलिखितांच्या पानोपानी ती रंगविली गेली. सण व घरगुती विधी ह्यांच्या पुस्तकांत, जेथे पूजेचा प्रश्नच उद्भवत नाही, तेथे चित्रांना सर्वांत अधिक मोकळीक मिळाली. अशा पुस्तकांत अग्रस्थान हग्गादेचे.

‘हग्गादा’ म्हणजे ‘कथन’. ‘सांगणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून हा शब्द झाला आहे. मिसर देशातील दास्यातून इस्राएल लोक सुटले त्याची कथा सणाच्या रात्री घरच्या जेवणाच्या वेळी वाचावयाची, आणि तीही घरातील लहान मुलाने प्रश्न विचारल्यावर सांगावयाची, असा प्रघात आहे. ह्या सणाला हिब्रूत ‘पेसाह’ म्हणतात. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी त्यासाठी ‘वल्हांडण’ हा शब्द योजला. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. मूळ शब्दाचा ‘ओलांडून पुढे जाणे’ हा अर्थ जसाच्या तसा मराठीत उतरविण्याचा हा प्रयत्न होय. स्वतः बेने इस्राएल मात्र पूर्वी ह्या सणास ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. म्हणजे आंबट रसाचे मडके झाकून ठेवण्याचा सण. आंबविलेले काही घरात ठेवावयाचे नाही हा नियम टिकला. मिसर देश, फारो आणि समुद्र दुभंगल्याची कथा विस्मरणात गेली. विधी राहिला व आख्यान गेले. कथेच्या पुस्तकाची, आणि पुढे त्यातील चित्रांची, ह्या समाजाला किती निकड होती हे एवढ्या एका नावावरून कळते.

ती निकड एकोणिसाव्या शतकात भागली. कोचीनहून आलेल्या धर्मशिक्षकांनी हिब्रू प्रार्थना पुन्हा शिकविल्या. अमेरिकन मराठी मिशन व स्कॉटिश मिशन ह्यांच्या शाळांतून मुले लिहूवाचू लागली. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. मिशनऱ्यांचा उद्देश धर्मांतराचा होता हे उघड आहे. पण फळ निराळेच निघाले. हाती आलेल्या हिब्रूचा उपयोग करून ह्या लोकांनी आपलाच धर्म पक्का केला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर ह्यांच्यासारख्या विद्वानाने प्रार्थनाग्रंथांची भाषांतरे मराठीत केली. ह्याच वातावरणात १८४६ साली मुंबईस हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर अशी हग्गादा शिळाछापावर निघाली.

शिळाछापाविषयी येथे थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण द्वैभाषिक ग्रंथाच्या दृष्टीने हे तंत्र फार महत्त्वाचे ठरले. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर ह्याने ते शोधून काढले. विशिष्ट जातीच्या चुनखडी दगडाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करावयाचा, त्यावर स्निग्ध शाईने लिहावयाचे किंवा चित्र काढावयाचे, नंतर दगड ओला करावयाचा. जेथे स्निग्ध रेघ आहे तेथे पाणी ठरत नाही. जेथे पाणी आहे तेथे छापण्याची शाई चिकटत नाही. ह्या साध्या विरोधावर सारे तंत्र उभे आहे. दगडात काहीही कोरावे लागत नाही. अक्षर आणि कोरा भाग दोन्ही एकाच पातळीत राहतात. ‘पेसेल’चा धात्वर्थ ध्यानात घेता, घडीव दगडाचा निषेध करणाऱ्या धर्माला न कोरलेल्या दगडावरचे चित्र लाभावे हा योग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे, एवढेच येथे म्हणतो.

खिळ्यांच्या छपाईत हिब्रू व मराठी एकाच पानावर आणणे मोठे कठीण काम होते. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, देवनागरी डावीकडून उजवीकडे. दोन्ही लिप्यांचे टाइप पाहिजेत आणि दोन्ही जुळविणारे कारागीर पाहिजेत. त्या काळच्या मुंबईत हिब्रू टाइप जवळजवळ दुर्मिळच होता. शिळाछापाने ही अडचण एका फटक्यात दूर केली. लेखनिकाने विशेष प्रकारच्या कागदावर दोन्ही मजकूर आपल्या हाताने लिहावयाचे आणि तो कागद दगडावर दाबून अक्षरे उतरवावयाची. दगडावर ती उलटी उमटतात व छापताना सुलटी होतात. शास्त्रशुद्ध टाइप नसलेल्या कोणत्याही लिपीला ह्या तंत्राने आसरा दिला. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना ह्याची साक्ष द्यावी लागणार नाही. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात उर्दू ही राज्यभाषा होती, आणि नस्तालीक वळणाची उर्दू पुस्तके दीर्घकाळ शिळाछापावरच निघत. जुन्या कपाटांतून ती अजूनही सापडतात. नांदेडच्या विद्यार्थ्याने अशा एखाद्या पुस्तकाचे पान हाती घेऊन पाहिले, तर मुंबईच्या त्या हग्गादेच्या लेखनिकासमोर कोणते काम होते ते वर्णनावाचून कळेल.

चित्रांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची हग्गादा ही पुण्याची. ती १८७४ साली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री ह्यांच्या छापखान्यात छापली गेली. मोझेस जेकब तळकर आणि आरन डॅनियल तळकर ह्यांनी ती सिद्ध केली. पेसाहची कथा विठ्ठल नावाच्या अग्निहोत्र्याच्या छापखान्यातून बाहेर पडावी ह्यात तेव्हा कोणास काही वावगे वाटले नाही. छापखानदाराला गिऱ्हाईक हवे होते आणि गिऱ्हाइकाला सुबक छपाई. न्यूयॉर्क येथे १९६८ साली वॉल्टर फिशेल ह्यांच्या संपादनाखाली हिची यथामूल आवृत्ती निघाल्यावर जगातील हग्गादा-अभ्यासकांचे तिच्याकडे लक्ष गेले. हिब्रू मूळ व त्याच्या जोडीने मराठी अर्थ अशी तिची मांडणी आहे.

तीतील चित्रे नीट पाहिली म्हणजे दोन वर्ग सहज वेगळे करता येतात. बायबलमधील प्रसंगांची चित्रे युरोपीय हग्गादांच्या वळणाची आहेत. त्या वळणाचा उगम शोधू लागल्यास आपण १६९५ च्या ॲमस्टरडॅम हग्गादेपाशी जाऊन पोहोचतो. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चित्रे असलेली ही पहिली हग्गादा. तिचा चित्रकार अब्राहाम बार याकोब हा मूळचा ऱ्हाइनकडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. पुढे त्याने यहुदी धर्म स्वीकारला. त्याने आपली चित्रे बहुतांशी मथेउस मेरिअन ह्या स्विस ख्रिस्ती मुद्राचित्रकाराच्या बायबल-चित्रांवरून घेतली. हग्गादेत चार पुत्रांचे प्रकरण आहे: एक शहाणा, एक दुष्ट, एक भोळा आणि एक ज्याला प्रश्न विचारताच येत नाही असा. ॲमस्टरडॅमच्या पुस्तकातील शहाणा पुत्र म्हणजे मेरिअनच्या चित्रातील हॅनिबाल हा कार्थेजचा वीर, नव्या नावाने आणून उभा केलेला! यहुदी चित्रपरंपरेतील ‘शुद्ध’ भाग कोणता ह्याची चर्चा करणाऱ्यांनी हे एक उदाहरण विसरू नये. ॲमस्टरडॅमची ही चित्रे पुढील दोन शतके शहरोशहरी नकलली गेली. नक्कल करणारा छापील चित्र समोर ठेवून ते पत्र्यावर किंवा दगडावर सरळ काढी, आणि छापल्यावर ते उलटे होई. डावीकडचा मोशे उजवीकडे जाई. कोणते चित्र कोणावरून निघाले हे ठरविताना अभ्यासकांना ह्या उलटापालटीचा फार उपयोग होतो. पाठचिकित्सेत लेखनिकाच्या चुका जशा वंशावळ सांगतात तसेच हे आहे.

पुण्याच्या हग्गादेतील दुसरा वर्ग म्हणजे बेखमीर भाकरी तयार करण्याची चित्रे. येथे युरोप एकाएकी नाहीसा होतो. लुगडे नेसलेल्या बायका जमिनीवर बसून पीठ मळीत, भाकरी लाटीत, भाजीत आहेत. हे मराठी स्वयंपाकघर आहे. चित्रकाराने ते कोणत्याही पुस्तकावरून घेतलेले नाही. ह्या वस्तूला मराठीत ‘बेखमीर’ म्हणावयाचे, म्हणजे फारसी उपसर्ग आणि अरबी शब्द. भाकर हा शब्द मात्र आपला. एका पदार्थाच्या नावात एवढ्या भाषा आहेत, आणि तो पदार्थ करणारी बाई मात्र चित्रात निःसंशय कोकणातली आहे.

ह्या चित्रांविषयी लिहिणारे बहुधा ‘दोन संस्कृतींचा मनोहर संगम’ असा निर्णय देऊन मोकळे होतात. मला हा निर्णय आळशी वाटतो. संगम झाला असता तर मोशेच्या डोक्यावर पागोटे आणि फारोच्या दरबारात लोड-तक्के दिसले असते. तसे झालेले नाही. पवित्र आख्यान परक्या वेषात राहिले आणि घरकाम आपल्या वेषात आले. दोहोंमध्ये एक सीमारेषा आहे आणि चित्रकाराने ती ओलांडलेली नाही. बेने इस्राएलांच्या मराठीतही हीच रेषा आढळते. प्रार्थनेतील पारिभाषिक शब्द हिब्रू म्हणूनच राहतात. त्यांचे उच्चार मराठी तोंडाला वळले तरी त्यांच्या जागी मराठी शब्द येत नाहीत. उलट घरात पाळावयाचे सण मराठी नावांनी ओळखले जातात: वर्षारंभ हा ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताचा दिवस हा ‘दारफाळणीचा सण’, पुरीम हा ‘होळीचा सण’, आणि मंदिरविध्वंसाच्या स्मरणाचा उपवास हा ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या दिवशी बिरडे करून खात. एलूल महिन्यातील उपवासांना तर ‘रमजान’ म्हणत. उपवास हा ‘रोजा’ आणि धर्मविषयक तंटे सोडविणारा ‘काजी’ ही नावे शेजारच्या मुसलमान समाजाकडून आली. म्हणजे जे ग्रंथातले ते परके व अस्पृष्ट, आणि जे घरातले ते शेजाऱ्यांशी वाटून घेतलेले. पुण्याचा चित्रकार ह्या व्याकरणाबाहेर गेला नाही.

ग्रंथाबाहेरच्या चित्रांकडे वळले म्हणजे एकच चित्र सर्वांत आधी डोळ्यांपुढे येते. बेने इस्राएल घरांतील भिंतीवर एलियाहू संदेष्ट्याचे छापील चित्र हटकून असते: पांढऱ्या दाढीचा वृद्ध, अग्नीचा रथ, आकाशाकडे झेपावणारे घोडे. राजांच्या दुसऱ्या ग्रंथातील दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग आहे. रंगीत शिलामुद्रणाचा हा काळ म्हणजे राजा रविवर्म्याच्या छापखान्याचाही काळ. १८९४ मध्ये मुंबईस निघालेला आणि पुढे लोणावळ्यानजीक मळवलीस गेलेला तो छापखाना लक्ष्मी-सरस्वतींच्या प्रतिमा घरोघर पोहोचवीत होता. शेजाऱ्याच्या भिंतीवर सूर्यनारायणाचा रथ आणि आपल्या भिंतीवर एलियाहूचा, अशी ही शेजारधर्माची चित्रशाळा होती. ह्या चित्रापुढे मूर्तीप्रमाणे पूजा होत नाही. परंतु नवस बोलला जातो, आणि तो फेडताना ‘मलिदा’ केला जातो: गूळ-खोबरे घातलेले गोड पोहे, वर फळे, आणि एलियाहूच्या नावाने गाणे. ‘मलिदा’ हा फारसी शब्द. ‘मळलेले, चुरलेले’ हा त्याचा अर्थ. नांदेड-लातूरकडे मोहरमात किंवा दर्ग्यावर पोळी कुस्करून, गूळ घालून जो मलिदा होतो त्याला हा धात्वर्थ तंतोतंत लागू पडतो. कोकणात पोहे आल्यावर तो लागू पडत नाही, पण शब्द राहिला. अलिबाग तालुक्यात सागाव-खंडाळ्यानजीक खडकावर ज्या खुणा आहेत त्या एलियाहूच्या रथाच्या अशी श्रद्धा आहे; त्या जागेला ‘एलियाहू हनबीचा टप्पा’ म्हणतात. टप्पा! संदेष्टा स्वर्गात जाता जाता कोकणात एकदा टेकला, हा सारा अर्थ त्या एका मराठी शब्दात आला आहे.

येथे सीमारेषा थोडी हलली हे मान्य केले पाहिजे. पुस्तकातला मोशे परका राहिला, परंतु भिंतीवरचा एलियाहू कोकणच्या खडकावर उतरला. ह्याच सुमारास, १८८० नंतर, बेने इस्राएलांत कीर्तनाचा प्रघात पडला; बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदींनी अब्राहाम, योसेफ, मोशे ह्यांची आख्याने ओवी, साकी, दिंडी ह्यांत रचून गायिली. कीर्तन म्हणजे शेवटी सांगणेच, आणि हग्गादा म्हणजेही सांगणेच. एकनाथांच्या पैठणापासून दूर नसलेल्या वाचकाला ह्याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

१९४८ नंतर ह्या समाजाचे मोठे स्थलांतर सुरू झाले. विसाव्या शतकाच्या मध्यास सुमारे वीस हजार असलेली भारतातील संख्या पुढे काही हजारांवर आली. इस्रायलमध्ये गेल्यावर त्यांच्या यहुदीपणाविषयीच धर्मपीठाने शंका घेतली. विवाहाच्या प्रसंगी वंशावळीची चौकशी होऊ लागली. त्याविरुद्ध चळवळ झाली आणि १९६४ मध्ये ते इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत असे जाहीर करण्यात आले. भारतात ज्यांना कोणी कधी ‘तुम्ही यहुदी नव्हे’ असे म्हटले नाही त्यांना हे ऐकावे लागले, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील चित्रांतील ताण कळतो. इस्रायलमध्ये मराठी काही काळ टिकली. ‘मायबोली’ ह्या नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघाले. परंतु पुढच्या पिढीची भाषा हिब्रू झाली, आणि अमेरिकेस गेलेल्यांची इंग्रजी.

ह्या पार्श्वभूमीवर सिओना बेंजामिन ह्यांच्या चित्रांचा विचार करावयाचा आहे. त्यांचा जन्म १९६० साली मुंबईत बेने इस्राएल कुटुंबात झाला. शिक्षण कॅथलिक आणि पारशी शाळांत, आणि भोवताली हिंदू व मुसलमान शेजार, असे त्यांचे बालपण गेले. सर जे. जे. कला विद्यालयात शिक्षण घेऊन त्या १९८६ मध्ये अमेरिकेस गेल्या. तेथे चित्रकलेत व पुढे रंगभूमीच्या नेपथ्यात त्यांनी उच्च पदव्या मिळविल्या आणि न्यू जर्सीत स्थायिक झाल्या. नेपथ्याचे शिक्षण त्यांच्या चित्रांत लपत नाही: आकृती रंगमंचावर मध्यभागी उभी, भोवती चौकट, पडदे, महिरपी. त्या प्रामुख्याने अपारदर्शक जलरंगांत काम करतात आणि सोन्याचा वर्ख वापरतात. लघुचित्रांची नक्षी, ख्रिस्ती प्रतिमाचित्रांचा सोनेरी पृष्ठभाग आणि छापील चित्रकथांच्या ठळक बाह्यरेषा व संवादाचे फुगे ही सारी सामग्री तेथे एकत्र येते. १९६७ पासून निघू लागलेल्या ‘अमर चित्र कथा’ ज्यांनी बालपणी वाचल्या त्यांना ही रेषा ओळखीची वाटेल.

त्यांच्या ‘घर शोधताना’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाच्या दीर्घ मालिकेत स्त्रिया निळ्या आहेत. निळा रंग हा आकाशाचा व समुद्राचा, म्हणून कोणत्याही एका वंशाचा नव्हे, असे त्या स्वतः सांगतात. आपल्याला त्यात प्रथम कृष्ण आणि काली दिसतात. दोन्ही अर्थ खरे आहेत, पण एक तिसराही आहे: गोऱ्या यहुद्यांच्या देशात सावळ्या यहुदी स्त्रीला ‘तू यहुदी कशी?’ हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो, आणि निळी कातडी हे त्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. ‘तिकुन हा-ओलाम’, म्हणजे जगाची डागडुजी, ह्या चित्रात अनेक हातांची निळी स्त्री उभी आहे, आणि तिचे हात मेनोरा ह्या दीपवृक्षाच्या शाखांप्रमाणे वर उचललेले आहेत. देवीचे हात आणि मंदिरातला दिवा येथे एकाच आकृतीत बसले आहेत. मोशेला युरोपीय झग्यातच ठेवणारा पुण्याचा चित्रकार हे पाहून गांगरला असता.

ह्याच मालिकेचा एक भाग ‘फरिश्ते’ ह्या नावाचा आहे. त्यात बायबलमधील व यहुदी आख्यानांतील स्त्रिया येतात: सारा, हागार, मिर्याम, राजाच्या आज्ञेला नकार देणारी वश्ती, आणि लिलिथ. लिलिथ हा शब्द हिब्रू बायबलमध्ये एकदाच, यशयाच्या चौतिसाव्या अध्यायात येतो. मूळ तो अक्कादी भाषेतील एका पिशाचनामाशी जोडला जातो. रात्र ह्या अर्थाच्या ‘लायला’ शब्दाशी लोकांनी त्याचा संबंध लावला तो ध्वनिसाम्यावरून. आदामाची पहिली, त्याच्या बरोबरीचा हक्क मागून निघून गेलेली बायको ही तिची कथा मध्ययुगीन ग्रंथांतली आहे. बेंजामिन ह्यांच्या चित्रात ती चित्रकथेतील नायिकेप्रमाणे उभी राहते आणि तिच्या तोंडी संवादाचा फुगा आहे. ज्या स्त्रीला ग्रंथाने वाक्यच दिले नाही तिला येथे वाक्य मिळाले, आणि तेही सर्वांत स्वस्त छापील कलेच्या तंत्राने. हा विचार मला त्या चित्रातील रंगांहून अधिक मोलाचा वाटतो. दुसऱ्या एका चित्रात सारा आणि हागार एकमेकींना मिठी मारतात. ग्रंथात सारेने हागारेला घराबाहेर काढले, आणि एकीचे वंशज यहुदी तर दुसरीचे अरब मानले जातात, एवढे सांगितले म्हणजे त्या मिठीचे वजन कळेल.

मालिकेच्या नावाविषयी थोडे. ‘फरिश्ता’ ह्या फारसी शब्दाचा मूळ अर्थ ‘पाठविलेला’. हिब्रूतील ‘मलआख’ हा शब्दही ‘पाठविणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून निघालेला आहे, आणि मराठी बायबलने त्यासाठी ‘देवदूत’ असा सरळ शब्द योजला. तिन्ही शब्दांत निरोप घेऊन येणारा कोणीतरी आहे. मुंबईच्या मराठी यहुदी चित्रकर्त्रीने बायबलमधील स्त्रियांना उर्दू नाव द्यावे ह्याचे आश्चर्य पाश्चात्त्य समीक्षकांना वाटते. मराठवाड्याच्या वाचकाला ते वाटू नये. ज्यांच्या पूर्वजांनी उपवासाला रोजा आणि प्रार्थनामंदिराला मशीद म्हटले त्यांच्या लेकीला फरिश्ता हा शब्द परका कसा असेल?

तरी एक गोष्ट खटकते, आणि ती नमूद केली पाहिजे. ह्या चित्रांतून रूपे भारतीय झाली, परंतु त्यांच्या मुख्य मालिकांची नावे इंग्रजी व उर्दू आहेत. मराठी मागे पडली. १८७४ साली भाषा मराठी होती आणि मोशे युरोपीय होता. आता सारा निळी आणि दागिन्यांनी मढलेली आहे, आणि तिच्याभोवतीचे बोलणे इंग्रजी आहे. जे रूप घरात होते ते ग्रंथात गेले, आणि जी भाषा घरात होती ती घरातून गेली. भाषा नाहीशी होऊ लागली म्हणजे समाज आपली ओळख डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंत साठवू लागतो, असे इतरत्रही आढळते. काही चित्रांत चिन्हांची फार दाटी झाली आहे असे जे वाटते त्याचे मूळही बहुधा ह्यातच असावे: कमळ, हात, दिवा, साडी, ध्वज हे सारे एकाच फलकावर आणावे लागते, कारण ते ओळखणारा वाचक आता समोर नाही.

म्हणूनच २०१०-११ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात येऊन त्यांनी केलेले काम मला अधिक स्थिर वाटते. भारतात उरलेल्या बेने इस्राएलांना भेटून त्यांनी त्यांची छायाचित्रे घेतली, आणि त्या छायाचित्रांवर रंगांनी नक्षी, चौकटी व बायबली चिन्हे चढविली. येथे चेहरा खरा आहे, कोणाच्या तरी घरातला आहे. आणि चेहऱ्याभोवतीचे अलंकरण हग्गादेच्या पानाच्या कडेसारखे आहे. छापलेली प्रत आणि हाताने काढलेली रेघ ह्यांची ही जोडी शिळाछापाच्या लेखनिकाला ओळखीची वाटली असती.

ह्या विषयात आपल्या विद्यार्थ्यांना करण्यासारखे काम पुष्कळ आहे. पुण्याच्या हग्गादेतील मराठी मजकूर चित्रांसारखा अजून तपासला गेलेला दिसत नाही. तिची भाषा मिशनऱ्यांच्या बायबलहून कोठे वेगळी पडते, हिब्रू क्रियापदांचे काळ मराठीत कसे उतरविले आहेत, शहाणा, दुष्ट, भोळा आणि न विचारणारा ह्या चार पुत्रांना भाषांतरकारांनी कोणती विशेषणे दिली, आणि भाकरीच्या चित्रांतील परात, पाट, लाटणे ह्यांची नावे मजकुरात कोठे येतात, हे प्रश्न घेऊन बसावयास १९६८ ची यथामूल आवृत्ती पुरेशी आहे. हिब्रूची अडचण वाटणाऱ्याने चार पुत्रांपासून सुरुवात करावी; ते पान अर्धेअधिक मराठीतच वाचता येते.